आनेकलची इमारत आणि न्यूयॉर्कचा दंड

न्यूयॉर्क शहराने २०१९ साली एक कायदा केला. 'स्थानिक कायदा क्रमांक ९७' अशा रूक्ष नावाने तो ओळखला जातो. पंचवीस हजार चौरस फुटांहून मोठ्या इमारतींनी वर्षाकाठी किती कार्बन डायऑक्साइड हवेत सोडावा याची मर्यादा त्याने आखून दिली. २०२४ हे हिशेबाचे पहिले वर्ष. मर्यादेबाहेरच्या प्रत्येक टनामागे २६८ डॉलर दंड; २०३० पासून मर्यादा अधिक कडक. बोस्टनने २०२१ साली आपला नियम सुधारून टनामागे २३४ डॉलरचा पर्याय ठेवला. टोकियोने तर २०१० पासूनच मोठ्या इमारतींसाठी उत्सर्जनाची कमाल मर्यादा आणि तिच्या खरेदी-विक्रीची व्यवस्था अमलात आणली आहे.

आपल्याकडे मुंबईने मार्च २०२२ मध्ये आणि बंगळूरने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपापला हवामान कृती आराखडा जाहीर केला. दोन्हींत २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट लिहिले गेले की पुढचा प्रश्न आपोआप येतो : जो पाळणार नाही त्याचे काय? आणि मग कोणीतरी न्यूयॉर्कचा तक्ता टेबलावर ठेवतो. हा तक्ता जसाच्या तसा उचलला तर काय होईल, हे एका इमारतीवर करून पाहण्याजोगे आहे. त्यासाठी मी आनेकल तालुका निवडतो.

आनेकल म्हणजे बंगळूर शहर जिल्ह्याचा दक्षिणेकडचा, तमिळनाडूच्या सीमेला टेकलेला तालुका. एका बाजूला बन्नेरघट्टचे जंगल, दुसऱ्या बाजूला होसूर रस्ता. आणि त्या रस्त्यालगत इलेक्ट्रॉनिक सिटी, हेब्बगोडी, बोम्मसंद्र, चंदापूर, अत्तिबेले अशी एकाला एक जोडून वाढलेली वस्ती. आत जिगणीची औद्योगिक वसाहत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कर्नाटक शासनाच्या केऑनिक्स कंपनीने इलेक्ट्रॉनिक सिटीची आखणी केली तेव्हा इथे शेते आणि तळी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका बोम्मसंद्रपर्यंत पोहोचली. पुण्या-कोल्हापुराकडून नोकरीसाठी गेलेली कितीतरी मराठी मुले या रस्त्यावरून रोज जातात. त्यांच्या आईवडिलांना आनेकल हे नाव ठाऊक नसले तरी इलेक्ट्रॉनिक सिटी ठाऊक असते.

आता या रस्त्यावर एक इमारत कल्पनेने उभी करू. पाच लाख चौरस फूट, म्हणजे सुमारे ४६,४५० चौरस मीटर. दर चौरस मीटरला वर्षाला १८० युनिट वीज लागते असे धरू. वातानुकूलित कार्यालयाला हा आकडा अवाजवी नाही. एकूण वापर सुमारे ८३ लाख ६० हजार युनिट. शिवाय वीज गेल्यावर चालणाऱ्या जनरेटरांना वर्षाला साठ हजार लिटर डिझेल.

केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या वीजजाळ्याचा उत्सर्जन-गुणक प्रसिद्ध करते. गेल्या काही वर्षांत तो युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास आहे. त्याने गुणले की विजेचे उत्सर्जन ५,८५२ टन येते. डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे २.६८ किलो, म्हणजे आणखी १६१ टन. बेरीज ६,०१३ टन. न्यूयॉर्कच्या कायद्यातील मूळ तक्त्यात कार्यालयांना २०२४ ते २०२९ या काळासाठी चौरस फुटाला ८.४६ किलोची मुभा आहे (पुढे नियमांनी हे वर्गीकरण अधिक बारीक केले, पण आपल्या कामाला मूळ आकडा पुरेसा आहे). त्या हिशेबाने आपल्या इमारतीची मर्यादा ४,२३० टन. जादा उत्सर्जन १,७८३ टन. डॉलरला ८५ रुपये धरले तर टनामागे २२,७८० रुपये. एकूण दंड चार कोटी सहा लाख.

हीच इमारत, हीच यंत्रे, हाच वापर घेऊन आता मॅनहॅटनमध्ये ठेवू. न्यूयॉर्कच्या कायद्याने २०२९ पर्यंत विजेचा गुणक युनिटमागे ०.२८९ किलो ठरवून दिला आहे. विजेचे उत्सर्जन २,४१६ टन, डिझेल मिळवून २,५७७ टन. मर्यादेच्या खूपच खाली. दंड शून्य.

म्हणजे चार कोटींतला एकही रुपया इमारतीच्या गुणदोषांमुळे आलेला नाही. तो वीज कशी तयार होते यामुळे आला आहे, आणि ती कशी तयार व्हावी हे इमारतीच्या मालकाने ठरवलेले नाही. ते रायचूर, बळ्ळारीच्या औष्णिक केंद्रांनी, त्यांच्याशी वितरण कंपन्यांनी केलेल्या दीर्घ मुदतीच्या करारांनी आणि अखेरीस आपण सरकारी मंडळींनीच ठरवले आहे. शासनाच्या धोरणाचा दंड नागरिकाकडून वसूल करायचा, तोही पर्यावरणाच्या नावाने, ही गोष्ट न्यायालयात टिकली तरी मनाला पटणारी नाही.

गुणक कोणता घ्यायचा हा वाद इथेच संपत नाही. कर्नाटकाचा वकील म्हणेल की आमच्या राज्यात शरावतीचे जलविद्युत आहे, पावगडचे दोन हजार मेगावॉटचे सौर उद्यान आहे, चित्रदुर्गाच्या टेकड्यांवर पवनचक्क्या आहेत. देशाच्या सरासरीने आम्हाला का मोजता? प्रश्न रास्त वाटतो. पूर्वी त्याला आधारही होता. दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशापासून वेगळे होते आणि प्राधिकरण दोन जाळ्यांचे दोन गुणक देत असे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि देश एका जाळ्यात आला. त्या दिवसापासून आनेकलच्या दिव्यात जळणारे युनिट शरावतीचे की चंद्रपूरचे, हे सांगण्याची सोय भौतिकशास्त्राने ठेवलेली नाही. सोलापूरच्या त्या वाहिनीचे कौतुक आपण विजेच्या टंचाईच्या संदर्भात केले. कार्बनच्या हिशेबात तिने राज्यांच्या सीमा पुसल्या, हे फारसे कोणी बोलले नाही.

तरीही राज्याचा गुणक घ्यावा असा निर्णय कोणी केलाच, तर आनेकलची इमारत सुटेल आणि तीन-चार मैलांवर होसूरमध्ये, तमिळनाडूच्या हद्दीत उभी असलेली तशीच इमारत वेगळ्या आकड्याने मोजली जाईल. एका रस्त्यावरच्या दोन सारख्या इमारतींना दोन दंड, ही प्रशासनाची शोभा नव्हे.

मग दंडच नको, असे म्हणायचे का? माझे मत तसे नाही. पण दंड कशासाठी हवा याचे कारण वेगळे आहे, आणि ते अर्थशास्त्राच्या पहिल्या इयत्तेतले आहे. आपल्या काल्पनिक इमारतीचे वीजबिल, युनिटला आठ रुपये धरले तरी, पावणेसात कोटींच्या घरात जाते. पंचमांश वीज वाचवली तर वर्षाला सव्वा कोटीहून अधिक रक्कम वाचते. एवढे आमिष समोर असताना ती वाचत का नाही? कारण बिल भरणारा एक आणि इमारत बांधणारा दुसरा. काच किती लावायची, भिंतीत उष्णतारोधक थर घालायचा की नाही, चिलर कोणत्या प्रतीचे घ्यायचे, हे विकासक ठरवतो. वीस वर्षे बिल भाडेकरू भरतात. विकासकाला स्वस्त बांधकामाचा फायदा आहे, महाग विजेचा तोटा नाही. भाडेकरूला तोटा आहे, पण दुसऱ्याच्या मालकीच्या भिंती बदलण्याचा अधिकार नाही. बाजार इथे अडतो, आणि शासनाने हात घालण्याची जागा नेमकी हीच आहे.

समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या या पठारावर, जिथे जुन्या घरांत पंखाही क्वचितच फिरायचा, तिथे पश्चिमेकडे तोंड करून काचेचे मनोरे बांधायचे आणि मग दिवसभर ते थंड करत बसायचे, हा उद्योग हवामानाने लादलेला नाही. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने २००७ पासून मापदंड दिले. २०१७ च्या सुधारित संहितेने बाह्य भिंतीतील खिडक्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांवर बांधले आणि आपल्या संहितेत बंगळूरसारख्या समशीतोष्ण हवेचा वेगळा विभागही आहे. संहिता शंभर किलोवॉट जोडभाराच्या वरच्या इमारतींना लागू होते. पण ती नकाशावर तपासली जाते. इमारत वापरात आल्यावर नकाशातली बचत प्रत्यक्षात उतरली का, हे विचारायला कोणी परत येत नाही. उलट चांगले काय होऊ शकते याचा पुरावाही आपल्याच देशात आहे. इन्फोसिसने हैदराबादच्या आवारात एका इमारतीचे दोन भाग करून एका भागात नेहमीची वातानुकूलन व्यवस्था आणि दुसऱ्यात थंड पाण्याच्या नळ्यांनी छत-जमीन गार ठेवणारी व्यवस्था बसवली. दुसऱ्या भागाला थंडाव्यासाठी सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा लागली. एकच छप्पर, एकच ऊन, एकाच प्रकारचे काम. तुलना करायला याहून स्वच्छ प्रयोग नको.

म्हणून माझे म्हणणे असे की दंडाचा अंदाज बांधताना विजेचे रूपांतर टनांत करूच नये. युनिटच मोजावे. त्या प्रकारच्या इमारतीला, तेवढ्या तासांच्या वापराला किती युनिट पुरेसे आहेत हा मापदंड. त्याहून जादा युनिटवर आकारणी. आणि ती मालकावर. जाळे स्वच्छ करण्याची जबाबदारी शासनाने व वीज कंपन्यांनी घ्यावी, भिंती आणि यंत्रे सुधारण्याची मालकाने. ज्याच्या हातात जे आहे त्याचा हिशेब त्याच्याकडे. आपला कायदाही या विचाराला परका नाही. ऊर्जा संवर्धन अधिनियमात दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि उद्योगांच्या बाबतीत जादा वापरलेल्या ऊर्जेच्या प्रत्येक टन-तेल-समतुल्यामागे किमतीच्या दुपटीपर्यंत अतिरिक्त दंडाची. तिथे मोजमाप ऊर्जेचेच आहे. २०२२ च्या दुरुस्तीने कार्बन पत व्यापाराची सोय केली, २०२५ मध्ये सिमेंट, अॅल्युमिनियम, कागद अशा उद्योगांना उत्सर्जन-तीव्रतेची लक्ष्ये मिळाली. मोठ्या कार्यालयीन इमारती अजून या चौकटीबाहेर आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी नियम विचारपूर्वक लिहायला वेळ आहे.

टन मोजायचेच तर जे इमारतीच्या आवारातून प्रत्यक्ष हवेत जाते तेवढेच मोजावे. त्यात डिझेल आले. पण पाहा, शेजारचे लोक ज्या काळ्या धुराची तक्रार करतात त्या डिझेलचा आपल्या बेरजेत तीन टक्केही वाटा नाही. फुफ्फुसांना तो धूर घातक आहे आणि त्यावर कारवाई हवीच, पण ती प्रदूषण नियंत्रणाच्या कायद्याखाली. कार्बनच्या नावाने नव्हे. त्याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वातानुकूलनातला वायू. आर-१३४ए या वायूची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट आहे. चिलरमधून वर्षभरात शंभर किलो वायू गळाला तर ते १४० टनांच्या वर जाते, म्हणजे साठ हजार लिटर डिझेलच्या जवळपास. हा वायू ना दिसतो ना वास येतो. किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे, तेव्हा किती किलो वायू भरला याची नोंदवही तपासण्याचा अधिकार कोणाकडे तरी असायलाच हवा.

आता 'तेवढ्या तासांच्या वापराला' हे शब्द मी जाणूनबुजून लिहिले. चौरस फुटावर आधारलेला कोणताही दंड रिकाम्या इमारतीला शाबासकी देतो. २०२० आणि २०२१ मध्ये होसूर रस्त्यावरची कार्यालये ओस होती. त्या वर्षांचे आकडे घेतले तर ती सारी आदर्श ठरतील. उलट ज्या मजल्यावर तीन पाळ्यांत माणसे काम करतात तो मजला दोषी ठरेल, जरी माणशी वापर तिथे कमी असला तरी. बोम्मसंद्रातील रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग रात्री दिवे मालवू शकत नाही. आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या रात्रपाळीचे काय? तिथली मुले रात्री जागतात ती बहुतेक अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी. न्यूयॉर्कची कंपनी आपले काम इकडे पाठवते, तिच्या तिथल्या इमारतीचा वापर घटतो, तिचा दंड टळतो; आणि तेच काम आनेकलमध्ये रात्री, सूर्य नसताना, कोळशाच्या विजेवर होते. चौरस फुटाचा तक्ता उचलला तर त्या कामाचा दंड भारतीय इमारतीच्या पदरात पडेल. व्यापाराच्या वाटाघाटींत आपले अधिकारी उत्सर्जनाच्या अशा स्थलांतरावर तावातावाने बोलतात. घरच्या नियमात तेच विसरून चालणार नाही.

सौर विजेच्या खरेदीचाही असाच पेच आहे. २०२२ च्या हरित ऊर्जा खुल्या प्रवेशाच्या नियमांनी शंभर किलोवॉटच्या वरच्या ग्राहकाला थेट सौर किंवा पवन वीज घेण्याची वाट मोकळी केली. चांगले झाले. पण दुपारी तुमकूरच्या माळावर तयार झालेले युनिट रात्री दोनच्या वातानुकूलनाच्या नावे वर्षअखेरीस वजा करायचे, आणि तेच युनिट इतर कोणी आपल्याही हरित खात्यात मांडायचे, असा दुहेरी जमाखर्च सुरू झाला की दंडाचा अंदाज हा सनदी लेखापालांचा खेळ होतो. युनिटवर आधारलेल्या आकारणीत हा प्रश्न उद्भवतच नाही. वीज सौर असो वा कोळशाची, गळक्या इमारतीत ती वायाच जाते.

दर किती असावा? न्यूयॉर्कचे २६८ डॉलर हे काही निसर्गाने दिलेले सत्य नव्हे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२३ मध्ये एका टनाने समाजाचे होणारे नुकसान १९० डॉलर काढले होते. आपल्याकडे कोळशावर २०१० साली टनामागे पन्नास रुपये उपकर सुरू झाला, तो २०१६ पर्यंत चारशेवर गेला, पुढे वस्तू व सेवा कराच्या भरपाई उपकरात मिसळला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कराचा दर वाढवून उपकर रद्द झाला. आपला एक टन कोळसा जाळला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे चारशे रुपयांच्या उपकराचा अर्थ टनामागे सुमारे २६७ रुपये. तिकडे २६८ डॉलर, इकडे २६७ रुपये. योगायोगच आहे, पण दोन देशांच्या ऐपतीतले आणि इच्छाशक्तीतले अंतर त्याने नेमके दाखवले. जिथे कोळसा खाणीतून निघताना एवढीच किंमत लावली गेली, तिथे त्याच्या विजेवर चालणाऱ्या दिव्याला तेवीस हजार लावणे तर्काला धरून नाही. जादा युनिटला चालू वीजदराच्या निम्म्या-पाऊण रकमेपासून सुरुवात करावी, आणि पाच वर्षांचे दर आधीच जाहीर करावेत. चिलर पंधरा-वीस वर्षांसाठी घेतले जाते. पुढच्या वर्षीचा दर ठाऊक नसलेला मालक यंत्र बदलत नाही, वकील नेमतो.

राहिला प्रश्न अंमलबजावणीचा, आणि माझ्या अनुभवात चांगले नियम इथेच मरतात. आनेकल तालुक्यात इमारतींचे क्षेत्रफळ कोणाकडे आहे? इलेक्ट्रॉनिक सिटीला स्वतःचे औद्योगिक नगर-प्राधिकरण, हेब्बगोडी, बोम्मसंद्र, जिगणी, चंदापूर, अत्तिबेले आणि आनेकल यांच्या आपापल्या नगर संस्था, वर आनेकल नियोजन प्राधिकरण, औद्योगिक भूखंडांवर राज्याचे औद्योगिक क्षेत्र विकास मंडळ. विजेचा वापर बेस्कॉमच्या संगणकात. जनरेटरची संमती प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या फायलीत. तीन आकडे तीन कचेऱ्यांत, आणि एका इमारतीला तिन्ही ठिकाणी एकच ओळखक्रमांक नाही. कार्बनचे तज्ज्ञ नेमण्याआधी हा क्रमांक जुळवणारा कारकून नेमावा लागेल.

याला बंगळूरच्याच इतिहासात उत्तर आहे. २००० साली बंगळूर महापालिकेने मालमत्ता कराची स्वयं-आकारणी सुरू केली. भाग, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, वापर यांचे दर छापून दिले. नागरिकाने आपला कर आपणच काढून भरायचा, निरीक्षकाने मोजक्या घरांची तपासणी करायची. महसूल वाढला आणि निरीक्षकाच्या मर्जीचे महत्त्व घटले. ज्या दंडाचा अंदाज मालकाला आपल्या टेबलावर बसून, साध्या गुणाकार-भागाकाराने काढता येत नाही, तो दंड वसूल होत नाही. त्याची तडजोड होते.

न्यूयॉर्ककडून खरोखर घेण्यासारखे काही असेल तर ते दंडाच्या आधीचे आहे. २००९ च्या स्थानिक कायदा क्रमांक ८४ ने मोठ्या इमारतींचा वीज-पाण्याचा वार्षिक वापर जाहीर करणे बंधनकारक केले. २०१८ च्या कायद्याने त्या वापरावरून इमारतीला श्रेणी दिली आणि ती प्रवेशद्वारावर लावायला लावली. दंड आला तो त्यानंतर, दहा-पंधरा वर्षांची आकडेवारी हाताशी असताना. आपल्याकडे ही पहिली पायरी गाळून थेट तिसऱ्यावर उडी मारण्याची घाई दिसते, कारण दंडाच्या घोषणेची बातमी होते, आकडेवारीच्या तक्त्याची होत नाही.

आनेकलसाठी पहिली तीन वर्षे एवढेच करावे. उच्चदाब जोडणीच्या प्रत्येक ग्राहकाच्या मार्च महिन्याच्या बिलावर बेस्कॉमने वर्षाचे एकूण युनिट, दर चौरस मीटरचा वापर आणि त्याच प्रकारच्या इमारतींचा मध्यांक छापावा. मालकाने एका पानावर बांधीव क्षेत्र, वापराचे तास, डिझेलचे लिटर आणि भरलेल्या वायूचे किलो लिहून सहीनिशी द्यावेत. ते पान भाडेकरूंना, नव्याने जागा शोधणाऱ्यांनाही, संकेतस्थळावर पाहता यावे. शंभरातल्या पाच पानांची जागेवर तपासणी व्हावी. चौथ्या वर्षी जादा युनिटवरच्या आकारणीची पहिली नोटीस निघेल तेव्हा तिच्यातली रक्कम मालकाने आधीच आपल्या अंदाजपत्रकात धरलेली असेल.